तिसऱ्या पायरीवर बसायचं

आमच्या पोन्तार्वेल गावात ज्यांना मोठेपणी पोहता यायला लागलं, त्यातल्या बहुतेकांना आयर्वेन प्रोबर्टने शिकवलं. मलाही तिनेच शिकवलं. तेव्हा मी अडुसष्ट वर्षांचा होतो.

ती मूळची शिक्षिका नव्हे. गावच्या कौन्सिलच्या पोहण्याच्या तलावावर एकोणीस वर्षं तिकिटाच्या खिडकीत बसायची. एकदा खाणीत नवरा गेलेल्या एका बाईने तिकीट घेताना विचारलं, "पाणी कितीसं खोल आहे गं?" आयर्वेन म्हणाली, "भिंतीवर लिहिलंय तेवढं." त्या बाईला उत्तर पटलं, पण आयर्वेनला पटलं नाही. इतकी वर्षं तिकिटं विकून ती स्वतः कधी पाण्यात उतरलीच नव्हती. मग दुपारी तलाव तासभर बंद असायचा, तेवढ्या वेळात ती एकटी शिकली. बेचाळिसाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी तिने मोठ्या माणसांचा मंगळवारचा वर्ग सुरू केला.

तिची रीत निराळी. उथळ टोकाला कठड्याच्या सहा रुंद पायऱ्या होत्या. पहिल्या दिवशी ती नवख्याला तिसऱ्या पायरीवर बसवायची. पाणी कमरेपर्यंत यायचं. मग ती शेजारी बसून हवापाण्याच्या गप्पा मारायची. पोहण्याचं नाव नाही. कोणाला एक मंगळवार लागायचा, मला चार लागले. पाचव्या मंगळवारी बोलता बोलता मी चौथ्या पायरीवर सरकलो होतो, हे मलाच कळलं नाही. तीही नुसती एक पायरी खाली सरकली.

मग कौन्सिलने तलावाची जुनी इमारत पाडून नवीन बांधायचं ठरवलं. वर व्यायामशाळा, खाली तलाव. नकाशा दारातच लावला होता. हेडन, म्हणजे आमचा निवृत्त बसचालक, चष्मा वर करून बघत म्हणाला, "पायऱ्या कुठायत?"

पायऱ्या नव्हत्या. कोपऱ्यांत दोन लोखंडी शिड्या होत्या.

आयर्वेन कौन्सिलच्या कचेरीत गेली. तिथली इंजिनिअर लोवरी, आमच्यातल्या कोणाचीही नात शोभेल अशी. नव्या तलावासाठी वर्गातल्या सगळ्यांकडून भरून घेतलेले आमचेच फॉर्म तिने अदबीने पुढे ठेवले. प्रश्न होता, शिडीने चढता-उतरता येतं का? बाराच्या बारा जणांनी "हो" वर खूण केली होती.

त्यात नवल नव्हतं. आमच्याकडे कोणी तब्येत विचारली की "तक्रार नाही" म्हणायचं असतं. हेडनला छातीत दुखून उचलून नेलं, तेव्हाही तो रुग्णवाहिकेतल्या मुलीला म्हणाला होता, "तसं बरं आहे." दोन्ही गुडघे बदललेल्या माणसाने शिडी "जमते" लिहिली. मीही लिहिली. परक्या कागदावर आपलं दुखणं कशाला मांडायचं?

लोवरी म्हणाली, "पायऱ्यांना पोहण्याच्या अख्ख्या एका पट्ट्याची जागा जाते, बाई. गरजच नाही म्हटल्यावर..."

"मंगळवारी ये," आयर्वेन म्हणाली. "बाकी काही सांगत नाही."

त्या मंगळवारी वर्ग नेहमीसारखा झाला. लोवरी वही घेऊन बाकावर बसली होती. शेवटी पाण्याबाहेर यायला आम्ही वळतो तर पायऱ्यांवर आडवी दोरी.

"आज सगळ्यांनी कोपऱ्यातल्या शिडीने वर यायचं," आयर्वेन काठावरून म्हणाली.

हेडन शिडीपाशी गेला, एक पाय ठेवला, काढला. "आधी बायका," तो म्हणाला.

"छे, तू मोठा," वर्गातली नेस्टा म्हणाली.

"मला घाई नाही गं."

"मलाही नाही."

असं सगळ्यांचं झालं. अकरा म्हातारी माणसं शिडीभोवती एकमेकांना "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत उभी. वीस मिनिटं गेली. नेस्टाचे ओठ निळसर दिसायला लागले.

लोवरी उठून पुढे आली. "तुम्ही बाहेर का येत नाही?"

"पाणी छान आहे पोरी," हेडन म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

"आयर्वेन, पुरे झाली चेष्टा, दोरी काढ," नेस्टा म्हणाली.

"सांगा तिला, मग काढते."

आम्ही पुन्हा "आधी तुम्ही" सुरू केलं. आयर्वेनने आमच्याकडे पाहिलं. मग तिने अंगावरची लोकरीची बंडी काढून बाकावर ठेवली आणि पाठमोरी होऊन शिडी उतरायला लागली. दुसऱ्या दांडीवर तिचा खुबा अडला. पाय खाली जाईना, वर येईना. ती तशीच दांड्या घट्ट धरून उभी राहिली. मान वळवली नाही.

"लोवरी," ती म्हणाली, "मला नाही जमत. बारावा फॉर्म माझा होता. मीही खोटंच लिहिलं."



"मलाही नाही जमत," हेडन म्हणाला.

"मलाही," नेस्टा म्हणाली. मग मागून एकेक आवाज येत गेला. माझा सगळ्यात शेवटी, आणि तो कोणाला ऐकू गेला की नाही, कोण जाणे.

लोवरीने वहीत काही लिहिलं नाही. तिने आधी आयर्वेनला दंडाला धरून वर घेतलं. मग बूट काढले, दोरी सोडली आणि कचेरीच्या पँटीनिशी तिसऱ्या पायरीवर येऊन उभी राहिली. एकेकाला हात दिला. हेडन तिला म्हणाला, "पँट भिजली की तुझी." ती म्हणाली, "तक्रार नाही," आणि सगळे हसले, तीही. डोळे मात्र तिने बाहीने पुसले.

नवीन तलाव दीड वर्षाने उघडला. पट्ट्यांत जोरात पोहणारे तरुण अजून कुरकुरतात, की त्यांचा एक पट्टा म्हाताऱ्यांच्या पायऱ्यांनी खाल्ला. पायऱ्या सहाच आहेत.

पहिल्या मंगळवारी आम्ही लवकर गेलो. नेस्टाने मनुकांचे तव्यावरचे केक आणले होते. आयर्वेन कठडा धरून हळूहळू उतरली आणि तिसऱ्या पायरीवर टेकली.

"खुबा कसा आहे?" हेडनने विचारलं.

"दुखतो रे," ती म्हणाली. "फार दुखतो."

हेडन तिच्या शेजारी जाऊन बसला. मग आम्ही सगळेच बसलो. त्या दिवशी बराच वेळ कोणी पोहलं नाही.