सहा हजार नावं आणि एक राहिलेली फाइल

हिमायतनगरच्या मुकुंदरावांना म्हाताऱ्या कॉम्प्युटरांचे डॉक्टर म्हणतात. म्हणजे ते स्वतःच म्हणतात. आजोबांनी परभणीकडची शेती सोडली, वडिलांनी हैदराबादेत नोकरी धरली आणि मुकुंदरावांनी एका कंपनीत तीस वर्षं कीबोर्ड बडवला. कंपनी बंद पडली तेव्हा हातात उरली ती फक्त जुन्या प्रोग्रामांची माहिती. त्यावरच त्यांनी धंदा काढला.

वकिलाच्या पक्षकारांची यादी, वाचनालयाचे सभासद, चष्मेवाल्याकडचे नंबर, असलं सगळं जुन्या यंत्रातून नव्यात नेऊन द्यायचं. मोठ्या कंपन्या असल्या किरकोळ कामाकडे ढुंकूनही बघत नाहीत. मुकुंदराव बघतात, आणि शेवटी दोन्हीकडचा आकडा मोठ्याने वाचून दाखवतात. आकडा जुळला की विषय संपला, असा त्यांचा खाक्या.

अफझलगंजच्या दवाखान्यात तसंच झालं. म्हातारे डॉक्टर वारले, त्यांची लेक ज्योती त्यांच्या खुर्चीवर बसली आणि तिने नवा कॉम्प्युटर घेतला. सहा हजार दोनशे चौदा रुग्ण इकडे, तितकेच तिकडे. जुना डबा भंगारात गेला आणि स्वारी चहा पिऊन घरी आली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तारामतीचा फोन आला. ती तिथली जुनी कंपाउंडर. ती सगळी नावं तिनेच टाइप केलेली.

"मुकुंदराव, नावं आली हो. पण डॉक्टरसाहेब प्रत्येकाच्या खाली लिहायचे ते कुठंय?"

मुकुंदरावांच्या लगेच ध्यानात आलं. त्या जुन्या प्रोग्राममध्ये शेरे वेगळ्या फाइलमध्ये राहतात. फाइलचं नाव तेच, शेपूट वेगळं. त्यांनी एकच फाइल उचलली होती! शिकाऊ पोरानेही केली नसती अशी चूक.

ते धावत पोचले तेव्हा ज्योती रागावली नाही, ते त्यांना जास्त लागलं. ती एवढंच म्हणाली, "काका, कुणाला कुठलं औषध चालत नाही ते सगळं त्यात होतं. बाबांच्या डोक्यात होतं, माझ्या नाही."

जुना डबा नेणारा भंगारवाला इस्माईलभाई दोन गल्ल्या सोडून. दुकानासमोर फुटक्या कॉम्प्युटरांचा ढीग होता. मुकुंदरावांनी दवाखान्याच्या डब्याचं विचारलं.

"हौ साब, डब्बा तो परसोंच तोड दिया," इस्माईलभाई म्हणाले. मुकुंदराव माघारी वळले. "डिस्क है ना लेकिन. आठ रोज अलग रखता मैं. लोगां रोते आते."

कपाटातून त्यांनी कापडात गुंडाळलेली डिस्क काढली. मुकुंदरावांनी खिशात हात घातला तसे ते म्हणाले, "नक्को साब. उसीच दवाखाने का है ना? मेरी अम्मी भी उधरिच जाती."

भंगारवाल्यांना आयुष्यभर नाकं मुरडलेल्या मुकुंदरावांनी ती डिस्क दोन्ही हातांनी घेतली.

शेरे परत जागेवर बसायला दोन तास लागले. या वेळी त्यांनी आकडा वाचला नाही. शेजारी बसलेल्या तारामतीला म्हणाले, "तुम्ही नावं सांगा, मी उघडतो." पाच-सहा नावं झाली, सगळे शेरे जागेवर. मग त्यांनी आपणहून तारामतीला इस्माईलभाईंच्या आईचं नाव विचारलं आणि ते शोधलं.

म्हाताऱ्या डॉक्टरांचे शब्द पडद्यावर आले : 'सल्फाची गोळी कधीही देऊ नये. मागे जीव जाता जाता वाचला. मुलाला लिहिता-वाचता येत नाही, दर वेळी तोंडी सांगणे.'

ज्योती मागे उभी राहून वाचत होती. तिने हातातलं पेन खाली ठेवलं.

"काका, त्या आज सकाळीच आल्या होत्या. लघवीला जळजळ होतेय म्हणून तपासणीला पाठवलंय. रिपोर्ट सहाला येणार." तिने पडद्यावरच्या 'सल्फा'वर बोट ठेवलं. "मी तीच गोळी लिहिणार होते."

मुकुंदरावांनी घड्याळ पाहिलं. पाच वाजायला दहा मिनिटं होती. त्यांनी हात जोडले; म्हाताऱ्या डॉक्टरांना, तारामतीला की इस्माईलभाईंना, हे त्यांचं त्यांनाच कळेना. मग उठले, चपला घातल्या आणि त्या दोन गल्ल्या पुन्हा चालत निघाले, तोंडी सांगायला.