योनेकोबाईंना ओसाका दाखवलं त्याची गोष्ट

ओसाकात जन्मलेल्या आणि सहासष्ट वर्षं ओसाकाच्या बाहेर एक रात्रही न काढलेल्या बाईला ओसाका दाखवायला न्यायचं, ही कल्पना ज्या माणसाच्या डोक्यात येते त्याला काय म्हणावं? योनेकोबाई त्याला 'अहो' म्हणत. तो त्यांचा नवरा होता.

नवऱ्याचं नाव तोकुजी इनुई. त्यातलं इनुई बाईंच्या माहेरचं. तोकुजी पंधराव्या वर्षी शिमानेच्या डोंगरातून, गावोगावच्या पोरांनी भरलेल्या गाडीतून कामासाठी शहरात आले, बाईंच्या वडिलांच्या लाँड्रीत इस्त्री शिकले, आणि पुढे घरजावई झाले. मूलबाळ झालं नाही. वडील गेले. 'इनुई लाँड्री' ही त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी राहिली, आणि तिच्याखाली एकेचाळीस वर्षं दोघं वाफ खात उभे राहिले.

जानेवारीत एक माणूस टेप घेऊन दुकानात आला आणि भिंती मोजायला लागला. बाईंना वाटलं, गॅसवाला असेल. त्याला चहा दिला. चहा पिता पिता तो म्हणाला, "तीस मार्चला सकाळी खाली करताय ना? मालक म्हणाले तसं."

तोकुजींचे थोरले भाऊ वारले होते, आणि गावचं घर रिकामं पडलं होतं. तोकुजींनी जागामालकाला दुकान सोडत असल्याचं लिहून दिलं होतं, आणि सामान न्यायला ट्रकही सांगून ठेवला होता. फक्त बायकोला सांगायचं राहिलं होतं.

"सांगणारच होतो," तोकुजी म्हणाले. "गडबडीत राहून गेलं."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यांचा राग असा की जितका मोठा, तितका आत. दुसऱ्या दिवशी त्यांनी किराणावाल्याकडून खोकी आणली आणि भरायला सुरुवात केली. तोकुजींचे शर्ट, तोकुजींची स्वेटरं, तोकुजींच्या भावाकडून आलेली पत्रं. प्रत्येक खोक्यावर जाड पेनाने नाव घातलं. आपले कपडे शेवटी भरू, असं म्हणता म्हणता मार्च संपत आला. अकरा खोकी झाली. तोकुजी रोज संध्याकाळी ती मोजत आणि खूश होत.

आणि मग त्यांनी ते पत्रक आणलं. वॉर्ड ऑफिसात फुकट मिळणारं, गुलाबी रंगाचं: 'थोडक्या पैशात आपलं ओसाका'. त्यातल्या तीन ठिकाणांवर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या.

"एकोणतीसला रविवार आहे," ते म्हणाले. "जाण्याआधी तुला शहर दाखवून आणतो. फार खर्च नाही."

बाईंनी पत्रक हातात घेतलं. पहिलं नदी ओलांडणारी होडी. दुसरं डोंगर. तिसरं नाव त्यांनी दोनदा वाचलं. तिसरं होतं कोहारु नाट्यगृह.

आता इथे बाईंचं एक गुपित सांगायला हवं. शहरातल्या जुन्या टॉवरच्या मागच्या गल्लीत हे कोहारु नाट्यगृह आहे. तिथे दर महिन्याला नवी नाटकमंडळी येते, वरच्या मजल्यावर बिऱ्हाड थाटते, रोज दोन खेळ करते आणि महिना संपला की ट्रकवर पडदे चढवून पुढच्या गावाला निघून जाते. एकोणीस वर्षांपूर्वी बाई तिथे धुतलेल्या कॉलरी पोचवायला गेल्या होत्या. नटांच्या किमोनोच्या आतल्या पांढऱ्या कॉलरींना तोंडाची रंगरंगोटी लागते, आणि तो डाग साध्या साबणाला दाद देत नाही. आधी बेंझिन, मग साबण, मग पुन्हा बेंझिन. हे ज्याला जमतं त्याला नाटकवाले सोडत नाहीत. त्या दिवशी बाईंनी दाराच्या फटीतून शेवटची वीस मिनिटं बघितली. पुढच्या बुधवारी तिकीट काढलं. त्यानंतर एकोणीस वर्षं एकही बुधवार चुकला नाही. तोकुजींना वाटे, बायको नदीपलीकडच्या कारखान्यात कपडे पोचवायला गेली आहे. तिथे त्या जात, पण मंगळवारी.

आणि गुपितात आणखी एक गोष्ट होती, अगदी ताजी. तिकीटखिडकीतली म्हातारी फुमी गुडघ्यांनी बेजार झाली होती. फेब्रुवारीतच तिने बाईंना म्हटलं होतं, "मी गेले की खिडकी तू घे. मागची खोली पण आहे, छोटी आहे पण ऊन येतं. मालकांशी बोललेय. महिनाअखेरीच्या खेळापर्यंत सांग, नाहीतर ते दुसरी बघतील."

महिनाअखेरीचा खेळ एकोणतीसलाच होता. बाईंनी अजून हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं.

"तिसऱ्याऐवजी प्राणिसंग्रहालय बघू," बाई म्हणाल्या.

"माकडं काय बघायची? याच्यावर सवलतीचं कूपन आहे," तोकुजी म्हणाले, आणि विषय संपला. त्या घरात विषय असेच संपत.

रविवारी सकाळी दोघं होडीवर गेले. किझु नदी ओलांडणारी ही सरकारी होडी कुणाकडून पैसे घेत नाही. सायकलवाले, कामगार, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, सगळे चढले.

"ही फुकट असते बरं का," तोकुजींनी माहिती दिली.

"हो का?" बाई म्हणाल्या. तीस वर्षं त्या दर मंगळवारी कारखान्याचे गणवेश सायकलला बांधून याच होडीने जात होत्या.

होडीवाल्याने दोर सोडता सोडता विचारलं, "इनुईताई, आज सायकल कुठेय? रविवारचं काय काढलंत?"

"आज शहर बघायला निघालेय," बाई म्हणाल्या.

होडीवाला हसला. त्याला वाटलं, ताई थट्टा करतायत. तोकुजी पलीकडच्या काठाकडे बघत होते; त्यांनी ऐकलं नाही. वारा सुटला तसा त्यांनी आपला मफलर काढून बाईंच्या गळ्यात घातला, आणि बाईंना इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. एकेचाळीस वर्षांत जे केलं नाही ते हा माणूस नेमका आज करतो. बाईंनी मफलर काढून हातात धरला.

मग बस. मग डोंगर. डोंगर म्हणजे बंदराजवळचा तेम्पोझान. उंची साडेचार मीटर. दुकानाच्या वरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी याहून उंच असत. तोकुजी पायऱ्या चढून वर गेले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "बघ, सगळं दिसतं."

दिसत होती एक क्रेन आणि एक फुगेवाला.

खाली त्यांनी एक प्लेट ताकोयाकी, म्हणजे ऑक्टोपसचे गरम गोळे, घेतले. आठ गोळे होते, त्यातले पाच तोकुजींनी खाल्ले. तोंड पोळलं तेव्हा कुठे थांबले, आणि मग एकदम बोलायला लागले.

"खरं सांगू का? हे शहर मी कधी बघितलंच नाही. पंधराव्या वर्षी आलो त्या रात्री ठरवलं होतं, परत जायचं. रोज सकाळी शटर वर करताना म्हणायचो, अजून थोडे दिवस. असं म्हणता म्हणता छप्पन्न वर्षं गेली बघ."

ते हे अगदी मनापासून बोलले. बाईंना ते कळलं, आणि म्हणूनच जास्त लागलं.

"रोज सकाळी?" बाईंनी विचारलं.

"रोज."

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पण?"

तोकुजींनी टूथपिक चावली. "ती म्हणजे सवयच लागली होती."

"मग मी कोण होते हो? स्टेशनवरचं बाकडं? गाडी येईपर्यंत टेकायला?"

"आता याच्यात रागवण्यासारखं काय आहे? तुलाही नेतोच आहे ना बरोबर."

बाईंनी उरलेले तीन गोळे कागदात गुंडाळून कचरापेटीत टाकले. अन्न टाकण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. तोकुजी बघतच राहिले, पण घड्याळ बघून म्हणाले, "चल, कूपन बारापर्यंतच चालतं."

कोहारुच्या खिडकीत फुमी बसली होती. तिने चष्म्यावरून बघितलं.

"अगं योने, रविवारी कशी उगवलीस? आणि हे कोण, पाहुणे?"

बाईंना वाटलं होतं, हा क्षण आला की आपण जमिनीत जाऊ. तसं काही झालं नाही. डोंगरावरचा राग अजून गरम होता. त्या सरळ म्हणाल्या, "नवरा."

"अच्छा," फुमी म्हणाली. "म्हणजे खरंच आहेत. इतक्या वर्षांत कधी आले नाहीत, आम्ही आपलं समजून चाललो होतो, नाहीत म्हणून." मग तिने हात जोडल्यासारखं केलं आणि कूपन घेतलं. "तुझी उशी जागेवरच आहे. पाहुण्यांना भाड्याची देते."

तिसऱ्या ओळीत कडेच्या खुर्चीवर लाल दोरा बांधलेली उशी होती. आजूबाजूच्या चार म्हाताऱ्यांनी बाईंसाठी गुडघे आवळून वाट केली, एकीने संत्रं पुढे केलं, दुसरीने 'आज शेवटचा दिवस, आज रेन्या रडवणार' अशी बातमी दिली. तोकुजी भाड्याच्या उशीवर बसले. त्यांच्या कपाळावरची एक एक आठी बाईंना न बघताही मोजता येत होती.

"किती दिवस चाललंय हे?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"एकोणीस वर्षं. बुधवारी."

"एकोणीस वर्षं माझ्याशी खोटं बोललीस?"

"खोटं कधी बोलले? तुम्ही विचारलंतच नाही. कुठे गेली होतीस, असं एकदा तरी विचारलंत? सायकलच्या चाकात हवा आहे का, एवढं विचारायचात."

"माझ्या पाठीमागे—"

"पाठीमागे मी आठवड्यातले दोन तास घेतले. तुम्ही माझ्या बापाचं दुकान घेतलंत. टेपवाल्याला चहा करून दिला हो मी."

पुढच्या ओळीतल्या बाईने वळून "शूः" केलं. दिवे मालवले.

रंगमंचावर मंडळीचा प्रमुख रेन्या, वय तिशीच्या आतलं, म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन बर्फातून चालला होता. शेवटी नाच झाला. म्हाताऱ्या जागच्या जागी उठून त्याच्या नावाने ओरडायला लागल्या. बाई कधी ओरडत नसत. त्यांना लाज वाटे. आज त्यांनी उभं राहून, छातीतला सगळा श्वास एकवटून रेन्याच्या नावाने हाक मारली. टेपवाला, डोंगर, रोज सकाळचं ते शटर, सगळं त्या हाकेत गेलं. रेन्याने पंखा थांबवून त्यांच्याकडे बघितलं. तोकुजींनीही बघितलं. या बाईला एवढा आवाज आहे हे त्यांना माहीतच नव्हतं.

खेळ संपला की या मंडळींचा एक रिवाज असतो. सगळे नट रंगल्या तोंडाने दाराशी उभे राहतात आणि प्रत्येक प्रेक्षकाचा हात हातात घेऊन निरोप देतात. एकोणीस वर्षांत बाईंनी दोनशेच्या वर मंडळ्यांना असा निरोप दिला होता. निघून जाणारे नेहमी ते असत आणि राहणाऱ्या बाई.

रांग पुढे सरकली. रेन्याने बाईंचे दोन्ही हात धरले.

"ताई, आज तुमचा आवाज ऐकला हं मी. आणि यंदा कॉलरी काय निघाल्या! पण दुकान बंद होतंय म्हणे. पुढच्या मार्चमध्ये मग आमचं कोण करणार?"

बाई काही बोलायच्या आत तो तोकुजींकडे वळला. नवा चेहरा दिसला की तो नेहमी हाच प्रश्न विचारायचा.

"आणि काका, तुम्ही कुठून आलात?"

छप्पन्न वर्षं ज्या शहरात राहिले त्याच शहराच्या मधोमध उभं राहून तोकुजी म्हणाले, "शिमानेहून."

विचार करून नाही बोलले. सहज निघून गेलं. पण बाईंनी ऐकलं, आणि इतके महिने आत धुमसत असलेलं काहीतरी एकदम जागच्या जागी बसलं. राग गेला नाही. रागाला दिशा मिळाली.

"अरे वा, लांबून आलात की. परत कधी निघणार?" रेन्याने विचारलं.

"उद्या सकाळी नऊला," बाईंनीच उत्तर दिलं. "हे जातायत. मी इथलीच आहे. कॉलरी पुढच्या वर्षीही मलाच द्यायच्या, फक्त दुकानात नाही, इथे मागच्या खोलीत." मग मान वळवून त्या खिडकीकडे म्हणाल्या, "फुमी, ऐकलंस ना?"

"गुडघे गेलेत, कान नाही गेले," फुमी म्हणाली. "परवा दहाला ये. खिडकीची किल्ली जरा अडते, ती तुला दाखवते."

गल्लीत आल्यावर बाईंनी मफलर नवऱ्याच्या हातात दिला. तोकुजी तो धरून उभे राहिले. रांगेतले लोक बाजूने जात होते, म्हाताऱ्या बाईंच्या पाठीवर थाप मारून पुढे निघत होत्या.

"हे काय भलतंच," तोकुजी म्हणाले. "लोकांसमोर बोलून गेलीस म्हणजे झालं का? सामान भरून झालंय. अकरा खोकी झालीत. मी स्वतः मोजलीत."

"मोजलीत ना," बाई म्हणाल्या. "प्रत्येकावर नाव घातलंय, तेही वाचायचं होतंत. अकराही तुमचीच आहेत."