ट्रफलची कडबोळी

"अगं, गॅस सुरू राहिलाय का कुणाचा? बघा आधी!"

महालक्ष्म्यांची आरती होऊन नैवेद्य दाखवून झाला होता. मी तबक खाली ठेवतेय तोवर आमच्या थोरल्या जाऊबाई ओरडल्या. माझा मुलगा स्वयंपाकघरात धावला, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. जेवायला बोलावलेल्या सवाष्णी पदर नाकाला लावून अंगणाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. वास काही गेला नाही.

"तिकडे नाही रे, इथे येतोय," जाऊबाई म्हणाल्या आणि काठी टेकत मखरापाशी गेल्या. मान वर करून त्यांनी फुलोऱ्याकडे पाहिलं. दांडीला दोऱ्यांनी टांगलेल्या करंज्या, वेणी, फणी, लाडू आणि कडबोळी. कडबोळ्यांखाली त्या थांबल्या. "लसूण घातलाय? चातुर्मासात?"

"नाही मोठ्या आई," माझी सून पुढे झाली. तिचा चेहरा खुलला होता, हे मला आजही आठवतं. कुणीतरी एकदाचं विचारलं, असा तो चेहरा होता. "लसूण नाहीये. ट्रफल ऑइल आहे. माझ्या भाईने दिल्लीहून आणलंय. एकदम असली, इटलीवालं."

आता हे तेल कडबोळ्यांत गेलं कसं, ते सांगायला हवं. आमच्या घराण्यात एक रीत आहे. नवी सून आली की तिच्या पहिल्या महालक्ष्म्यांना फुलोऱ्यातल्या एका पदार्थाचं मोहन तिच्या माहेरच्या तेलातुपाचं घालायचं. दोन्ही घरांची चव देवीपुढे एक व्हावी, असा त्यातला भाव. माझ्या वेळी माझ्या वडिलांनी भुसावळहून तुपाचा डबा पाठवला होता. ते रेल्वेत नोकरीला असल्यामुळे तो डबा गार्डाच्या डब्यात बसून राजासारखा झाशीला आला होता. जाऊबाईंच्या वेळी ग्वाल्हेरहून आलं होतं, आणि ते कसं रवाळ होतं हे त्या दरवर्षी ऐकवत.

सुनेचं माहेर झाशी जिल्ह्यातल्याच गरौठ्याचं. शेतीवाडी, म्हशी, सगळं आहे. हिंदी बोलणारी माणसं, साधी आणि मोकळी. साखरपुड्याला तिच्या वडिलांनी घरच्या तुपाचा डबा आणला होता. जाऊबाईंनी झाकण उघडलं, नाक मुरडलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "धुराचा वास मारतोय हो." व्याही कसनुसं हसले. पोरगी तिथेच बसली होती. असली वाक्यं विसरायला माणूस दगडाचं असावं लागतं. म्हणून मोहनाची वेळ आली तेव्हा तिने गरौठ्याकडे निरोपच पाठवला नाही. तिचा भाऊ दिल्लीत एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. त्याला सांगितलं, सगळ्यात भारी असेल ते दे, ज्याला कुणी नाव ठेवू शकणार नाही असं. त्याने ती चिमुकली बाटली आणली. तिने भाजणीत त्या तेलाचं मोहन घातलं, आणि वास उडून जाऊ नये म्हणून तळलेल्या कडबोळ्यांवर वरूनही थेंब सोडले.

मला कळलं कसं नाही, असं कुणीही विचारेल. पण आमच्याकडे नैवेद्य दाखवेपर्यंत पदार्थ चाखायचा नाही, आणि हुंगायचा तर मुळीच नाही. देवीच्या आधी आपल्या नाकाने खाल्लं असं होतं ते. मी सकाळपासून पुरणात होते. मधूनच काहीतरी विचित्र वास आला, तर मी श्वास रोखून दुसरीकडे बघितलं. इतकी मी शहाणी.

"ट्रफल म्हणजे काय ते?" जाऊबाईंनी विचारलं.

सून चाचरली. तिलाही नीट माहीत नव्हतं. "खूप महाग असतं," एवढंच म्हणाली. मग माझ्या चिरंजिवांनी नको ती हुशारी केली. फोन काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, की हे जमिनीखाली झाडाच्या मुळांशी उगवतं, डुकरांकडून आणि कुत्र्यांकडून शोधून घेतात, आणि ते एक प्रकारचं मशरूम आहे.

"मशरूम म्हणजे अळंबी," एक सवाष्ण हळूच म्हणाली.

"कुत्र्याची छत्री?" जाऊबाई खाली बसल्या. त्यांचे गुडघे इतके दुखतात की बसायला त्यांना आधार लागतो, पण त्या तशाच बसल्या. "देवीच्या डोक्यावर कुत्र्याची छत्री टांगलीत तुम्ही?"

कुणी हसलं नाही. आमच्या घरात अळंबी कधी आलेली नाही. एरवीही नाही, मग चातुर्मासात आणि महालक्ष्म्यांपुढे तर बोलायलाच नको. तुम्हाला हे हास्यास्पद वाटेल. मलाही इतर कुणाच्या घरात वाटलं असतं. पण झाशीत आमच्यासारखी मराठी घरं राहिलीत किती? पोरांना मराठी समजतं, बोलताना हिंदी येतं. दुकानदाराशी हिंदी, शेजाऱ्याशी बुंदेली, आणि मराठी फक्त भांडताना. उरलंय ते हेच, सणाला काय खायचं आणि काय नाही. जाऊबाई त्याला घट्ट धरून बसल्यात, आणि त्यांचा हात मी सोडवू शकले नाही कधी.

शिवाय त्या वर्षी साधी पूजा नव्हती. मुखवट्यांचा प्रश्न होता. महालक्ष्म्यांचे ते पितळी मुखवटे आजवर छावणीकडे, कँटच्या बाजूला, जाऊबाईंच्या घरी बसत. त्यांची दोन्ही मुलं लांब गेली, सुनांनी कानावर हात ठेवले. तेव्हा मीच हट्ट धरला, की यंदा आमच्याकडे बसवू, माझी सून करेल सगळं. जाऊबाई कशाबशा तयार झाल्या. म्हणाल्या, "नीट झालं तर मुखवटे तुमच्याकडेच राहतील. तिच्या हाती देईन." माझ्या मुलाच्या या मराठीबाहेरच्या लग्नाला त्या आल्या होत्या, पण मागच्या रांगेत बसल्या होत्या आणि अक्षता कुणीतरी हातात दिल्या तेव्हा टाकल्या होत्या. त्यांनी मुखवटे पोरीच्या हाती दिले की नातलगांत पुढे कुणी तोंड उघडणार नाही, असा माझा हिशेब होता. पोरीलाही तो ठाऊक होता. पंधरवडाभर ती नऊवारी नेसायला शिकत होती, आरत्या घोकत होती. 'लवथवती' म्हणताना जीभ अडखळली की स्वतःलाच चापट मारायची.

"मुखवटे उद्या विसर्जनानंतर मी घेऊन जाते," जाऊबाई म्हणाल्या. "मी आहे तोवर माझ्याकडे. मी गेल्यावर बेतवा नदीत सोडून द्या."

सुनेने माझ्याकडे पाहिलं. ती रडली असती तर बरं झालं असतं. नऊवारीचा काष्टा सुटेल की काय अशी एका हाताने कंबर धरून ती नुसती उभी राहिली.

माझं डोकं फिरलं. जाऊबाईंवर, मुलाच्या फोनवर, त्या इटलीवर. पण रागाने काही होणार नव्हतं. मी सुनेच्या भावाला फोन लावला. मनात एकच आशा होती, की तो म्हणेल, अहो कसलं खरं, उगीच नाव आहे. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला फसवलेलं असावं म्हणून मी देवीला हात जोडले.

"अरे आंटीजी, सौ टका असली है!" तो बिचारा उत्साहाने सांगू लागला. "होटल में यही डालते हैं. ढक्कन खोलो तो पूरा किचन महक जाता है. नकली में ऐसी खुशबू हो ही नहीं सकती."

मी फोन ठेवला. त्याचा खणखणीत आवाज सगळ्यांनी ऐकला होता.

तरीही मी आत गेले आणि ती बाटली घेऊन खिडकीशी उभी राहिले. समोरच्या बाजूला काळ्या ढेकळाचं चित्र, सोनेरी अक्षरं. मागे मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. चष्मा पुसला, बाटली उन्हात धरली. आत काय काय आहे ते लिहिलं होतं: ऑलिव्हचं तेल आणि सुगंध. बस्स. मुलाला बोलावलं, म्हटलं, आता दाखव तुझी हुशारी. त्याने वाचलं, पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं आणि मग हळू आवाजात म्हणाला, "आई, यात ट्रफल नाहीच. अशा बहुतेक बाटल्यांत नसतंच म्हणे. कारखान्यात रसायनाने वास बनवतात आणि साध्या तेलात घालतात."

माझा जीव भांड्यात पडला. मी बाटली उंच धरून जवळजवळ पळतच बाहेर आले.

"वहिनी, नकली आहे! सगळं नकली आहे! अळंबीचा कणसुद्धा नाही यात!"

मुलाने सगळं वाचून दाखवलं. जाऊबाईंनी दोनदा विचारलं.

"म्हणजे नुसता वास?"

"नुसता वास."

"खऱ्या वस्तूचा नाही?"

"अजिबात नाही. खोटा आहे वास."

त्यांनी डोळे मिटले. मग हात वर करून म्हणाल्या, "आई, तूच राखलंस गं." सवाष्णी हसायला लागल्या. एकीने सांगितलं की तिच्या घरचं केशराचं सरबतही असलंच, नुसता रंग आणि वास. पानं मांडली गेली. कुणीतरी म्हणालं, बघा, फसवणूक झाली ती किती बरी झाली. जाऊबाईंनी ताटातलं कडबोळं उचललं, नैवेद्य झालेलाच होता, आणि कुडुम करून तोडलं. "खुसखुशीत झालंय हो," त्या म्हणाल्या. मग सुनेला जवळ बोलावून तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मुखवटे राहू देत इथेच. सांभाळ."

सून वाकून पाया पडली आणि आत गेली. मी वाढण्याच्या गडबडीत होते. इतकी खूश होते की दोनदा आमटी एकाच पानात वाढली. पुरणपोळ्या आणायला आत गेले, तर ती मोरीपाशी उभी राहून कढई घासत होती. कढई आधीच लखलखीत होती.

"काय गं, बाहेर ये की. तुझंच कौतुक चाललंय."

"येते."

"भावाला काही बोलू नकोस. त्यालाही कुठे माहीत होतं!"

"भाईचं नाही काही, आई." तिने नळ बंद केला. माझ्याकडे बघितलं नाही. तिला मनातलं बोलायचं असलं की मराठी सुटतं, तसंच झालं. "आपने बाहर जाकर कितनी ज़ोर से कहा, नकली है. सब कितने खुश हुए. मैं भी हुई."

"मग?"

"और असली होता तो?"

मी पोळ्यांचा डबा हातात घेऊन उभी राहिले. उत्तर सोपं होतं. खरं असतं तरी तू आमचीच, मुखवटे गेले उडत, एवढं म्हटलं की झालं असतं. मघाशी बाहेर सगळ्यांसमोरही एवढंच म्हणायचं होतं. ते सोडून मी बाटलीवरची अक्षरं वाचत बसले होते. पण आता म्हणून काय उपयोग, हे तिच्या पाठीकडे बघूनच मला कळलं.

"सुनबाई," बाहेरून जाऊबाईंची हाक आली, "आणखी एक कडबोळं आण गं."

तिने हात पुसले, डोक्यावरचा पदर नीट केला आणि ताटली घेऊन बाहेर गेली.