व वकिलाचा

नवं पुस्तक हातात आलं की वकीलसाहेब त्याचं नावसुद्धा बघत नसत. दोन पानं उलटून ते थेट आश्रयदात्यांच्या यादीवर जायचे, उजव्या हाताचं पहिलं बोट यादीवर ठेवायचे आणि सावकाश खाली न्यायचे. बोट एका ओळीशी थांबायचं.

"आलंय," ते म्हणायचे.

मग पुस्तक मिटून छातीशी धरायचे आणि समोर जो कोणी बसला असेल त्याला सांगायचे, "ग्रंथाला आश्रय पाहिजे."

एवढं झालं की त्या पुस्तकाचं वाचन संपलं.

आजच्या वाचकांना या यादीची गंमत कळायची नाही. निजामाच्या राजवटीत आमच्या बीडकडे मराठी पुस्तक छापणं म्हणजे घरचं खाऊन केलेला उद्योग. म्हणून छापणारा आधी गावातल्या मोठ्या माणसांकडे जायचा. त्यांनी काही प्रती आगाऊ घ्यायच्या आणि त्याबदल्यात त्यांची नावं पुस्तकाच्या सुरुवातीला छापायची, असा रिवाज होता. वकीलसाहेबांनी त्यातला नाव छापायचा भाग मनापासून पाळला. प्रतींचं म्हणाल तर प्रकाशनाच्या सभेत अध्यक्षाला प्रत सप्रेम भेट मिळतेच, आणि अध्यक्ष तेच असायचे.

त्यांच्या दिवाणखान्यात भिंतभर पुस्तकं होती. तेव्हा पुस्तकं कडा न कापता बांधून यायची. वाचणाऱ्याने सुरीने घड्या फाडत पुढं जायचं. साहेबांकडे त्यासाठी हस्तिदंती मुठीची सुंदर सुरी होती आणि ती मेजावर मखमलीच्या तुकड्यावर ठेवलेली असे. यादीचं पान कधी घडीत अडकत नाही, त्यामुळे सुरीवर मखमल सोडून कशाचाही डाग नव्हता.

मी हे हसत लिहितो आहे, पण त्यांचं माझ्यावर ऋण आहे आणि ते मी विसरलेलो नाही. माझे वडील मांजरसुंब्याच्या घाटात मालाची बैलगाडी हाकायचे. आमच्या घरात छापील कागद यायचा तो गुळाच्या पुडीचा. पुण्याला शिकायला जायचं ठरलं तेव्हा तिथल्या एका वसतिगृहासाठी शिफारसपत्र दिलं ते वकीलसाहेबांनीच. शिफारसपत्र द्यायला काही पडत नाही आणि अशा वस्तू ते सढळ हाताने द्यायचे, हे खरं. पण त्या पत्रावर मला जागा मिळाली, हेही खरं. मी परत आल्यावर ते मला खांद्याला धरून लोकांसमोर उभं करायचे आणि म्हणायचे, "हा आमचा बी.ए." मी काय शिकलो, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मी त्यांच्या कपाटातलं आणखी एक पुस्तक होतो आणि माझीही पानं त्यांनी फाडली नव्हती.

सरकारी शाळा उर्दू. म्हणून पेठेत आम्ही एक खाजगी मराठी शाळा आणि तिला जोडून वाचनालय चालवत होतो. मी तिथं मास्तर होतो. चार माणसं जमवायची तर परवानगी लागायची आणि तिचा अर्ज साहेब लिहायचे, झोकदार उर्दूत. अर्जात 'वाचनालय' हा शब्द तिसऱ्या पानावर यायचा, तोवर वाचणारा अंमलदार भाषेवरच खूश झालेला असायचा. हे काम त्यांच्याशिवाय कुणाला जमलं नसतं. त्यामुळे गावातल्या प्रत्येक चांगल्या कामाची परवानगी त्यांच्या नावावर असायची, आणि प्रत्येक चांगलं काम त्यांच्या मर्जीवर.

अशात नागोराव छापखानेवाल्याने अंकलिपी काढायचं मनावर घेतलं.

नागोरावांचा छापखाना म्हणजे एक खोली, पायाने चालवायचं एक यंत्र आणि लाकडी खणांत भरलेले शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं. लग्नपत्रिकांवर संसार चालायचा. पुण्याहून येणाऱ्या अंकलिपीत अ अननसाचा होता. वर्गात एका पोराने मला विचारलं होतं, "मास्तर, अननस दूध देतंय का?" मी ही गोष्ट नागोरावांना सांगितली, तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "आपल्या पोरांला आपली अंकलिपी पायजे."

त्यांनी ती जुळवली. अ अडकित्त्याचा, आ आडाचा, ज जात्याचा, ह हुरड्याचा, व शेतातल्या वखराचा. चित्रांचे सागवानी ठोकळे स्वतः कोरले. कंकालेश्वराच्या शिवरात्रीच्या जत्रेला सगळ्या तालुक्यांतून गाड्या येतात, तिथं सभा भरवून ती विकायची असं ठरलं. ही जत्रा साधली तर छापखाना टिकणार होता. नाहीतर हैदराबादच्या एका छापखान्यात यंत्र चालवायची नोकरी त्यांची वाट बघत होती.

माघ लागला तरी अंकलिपीचं एक पान छापून होईना. मी छापखान्यात गेलो, तर नागोराव गुडघ्यांत डोकं घालून बसलेले.

"काहून बसलात असे?" मी विचारलं.

"काय करू मास्तर, र न्हाई."

"कसला र?"

त्यांनी कोपऱ्यात लोखंडी चौकटीत आवळून ठेवलेल्या फर्म्याकडे, म्हणजे जुळवलेल्या पानाकडे, बोट केलं. आश्रयदात्यांची यादी होती ती. "हितं एकेका नावाला रा. रा. म्हंजी दोन र, दोन काने. फुडं श्रीमंत, फुडं राजमान्य, फुडं राव. माझ्या खणातले समदे र या लोकांच्या पोटात गेले. आता पोरांनी रस कशानं वाचायचा आन् राजा कशानं?"

"मग यादी छापून टाका आणि खिळे मोकळे करा."

"छापू कशी? साहेब रोज दुरुस्ती आणतेत."

दुरुस्ती अशी होती. एका सावकाराचं नाव साहेबांच्या वर आलं होतं. ते खाली नेलं, तर सावकार रुसले. मी अकारविल्हे नावं लावायची तोड सुचवली, तेव्हा साहेब म्हणाले, "म्हणजे अडत्याचं नाव पहिलं येणार. छान." मग स्वतःच्या नावापुढं 'ग्रंथप्रेमी' घालायला सांगितलं. ते बघून सावकारांनी 'विद्याविलासी' मागितलं. साहेब म्हणाले, ग्रंथप्रेमी पुरत नाही, 'ग्रंथैकशरण' करा. नागोरावांकडे दोन मात्रांचा थ नव्हता. तो त्यांनी दुसऱ्या अक्षराला कानस लावून तयार केला. एवढ्या मेहनतीत एक धडा जुळला असता.

आश्रयदात्यांनी पुस्तकाला आश्रय दिला होता आणि पुस्तकाला जागा उरली नव्हती.

मी साहेबांकडे गेलो. शिकलेला माणूस म्हणून माझं ऐकतील असं वाटलं. "साहेब, या खेपेला यादी नको. जत्रा हुकली तर नागोराव छापखाना मोडून जातील."

त्यांनी डोळे मिटले. "मास्तर, यादीशिवाय पुस्तक म्हणजे वकीलपत्राशिवाय दावा. उभा कुणी करायचा? ग्रंथाला आश्रय पाहिजे." मग डोळे उघडून मऊ आवाजात म्हणाले, "जत्रेतल्या सभेची परवानगी माझ्या नावावर आहे, एवढं नागोरावाला सांगा."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. नागोराव फर्म्याजवळ जाऊन उकिडवे बसले. त्यांची बायको चंद्रभागाबाई मागं बसून पुस्तकं शिवायच्या. त्या वर न बघता म्हणाल्या, "हैदराबादला मला न्यायचं नाव काढू नका. तिथं मला कोन वळखतंय?"

नागोराव उठले. त्यांनी चौकटीच्या पाचरी ठोकून काढल्या आणि यादी सोडली. ग्रंथप्रेमी, विद्याविलासी, ग्रंथैकशरण, सगळे टपाटप आपापल्या खणांत पडले. पेठेतली प्रतिष्ठा इतकी सुटसुटीत मी पुन्हा कधी पाहिली नाही.

"साहेब सभा मोडतील," मी म्हणालो.

"मोडू द्या की. न्हाईतर..." असं म्हणून त्यांनी कोपऱ्यातला सागाचा एक कोरा तुकडा उचलला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "साहेबांचं नाक डावीकडं वाकडं हाय का उजवीकडं?"

जत्रेच्या दिवशी मंडपात साहेब अध्यक्ष म्हणून बसले. रेशमी काठाची पगडी, हातात वेत. दारात पोलीस पाटील परवाना घेऊन उभा, आणि परवान्यावर साहेबांची सही. नागोरावांनी पहिली प्रत त्यांच्या हातात दिली. प्रती घाईत शिवल्या होत्या, कडा कापायला वेळ मिळाला नव्हता.

साहेबांनी सवयीने दोन पानं उलटली, बोट ठेवलं. बोटाखाली अडकित्ता होता. ते एक पान मागं गेले, एक पुढं. बोट आडावरून, इरल्यावरून, उखळावरून खाली आलं आणि घडीत अडकलं. त्यांचा चेहरा बदलत गेला तसे मंडपातले लोक माना उंचावून बघू लागले. ते उठायला लागले आणि पाटलाने परवाना खिशात घातला.

नागोरावांनी शिवणकामाची सुरी पुढं केली. "साहेब, फुडचं पान फाडा."

मी त्या माणसाला इतकी वर्षं ओळखत होतो. पुस्तकाचं पान फाडताना त्यांना पहिल्यांदा पाहिलं. सुरी उलटी धरली होती. नागोरावांनी ती सुलटी करून दिली. एक घडी फाटली, दुसरी फाटली. य यंत्राचा, र रहाटाचा, ल लगामाचा. आणि पुढं पगडी घातलेला, डावीकडे जरा वाकडं नाक असलेला, उघड्या पुस्तकावर बोट टेकवून बसलेला एक माणूस. खाली छापलं होतं, व वकिलाचा.

"हा कोण?" साहेबांनी विचारलं.

"तुमी."

"मग नाव कुठंय?"

"नाव घातलं असतं तर तुमी एकट्यानंच वाचलं असतं," नागोराव म्हणाले. "आता समदी पोरं घोकतेल."

साहेबांनी पान डोळ्यांजवळ नेलं. मग म्हणाले, "इथं आधी काय होतं?"

"वखर व्हता."

पुढच्या रांगेत कुणीतरी फुसकन हसलं. साहेबांनी तिकडं बघितलं, नंतर पुन्हा पानाकडे. मग बोट हळूच चित्रातल्या बोटावर ठेवलं.

"आलंय," ते म्हणाले, आणि सभा सुरू झाली.

वाचकहो, चांगल्या कामाला आणि छोट्या छापखान्याला हात कसा द्यावा, यावर मी बरीच भाषणं ऐकली आहेत. त्यांतली बहुतेक साहेबांचीच. त्या भाषणांनी एक प्रत खपल्याचं मला ठाऊक नाही. पण त्या जत्रेनंतर साहेब अंकलिपी विकत घ्यायला लागले. हो, रोख पैसे देऊन विकत, आणि एकदा नव्हे, वरचेवर. दाव्याच्या कामाला नांदूरघाटला, तेलगावला जाताना टांग्यात कागदांच्या दप्तराबरोबर अंकलिप्यांचा गठ्ठा असायचा. पक्षकाराचं पोर दिसलं की त्याच्या हातात एक प्रत ठेवायची, स्वतः पान फाडून द्यायचं आणि विचारायचं, "व?"

"वकिलाचा," पोर म्हणायचं.

"शाब्बास."

बाकीची अक्षरं आली नाहीत तरी त्यांची हरकत नसायची. पण एक अक्षर शिकलेलं पोर उरलेली शिकायला आमच्याकडे यायचं. शाळेचा एक वर्ग वाढला आणि नागोरावांना दुसरी आवृत्ती काढावी लागली. चंद्रभागाबाई हैदराबादला गेल्या नाहीत. साहेबांनी आयुष्यात ग्रंथाला जो काही आश्रय दिला तो एवढाच, आणि तो स्वतःच्या नाकाच्या ओढीने दिला. मी बरीच नाकं पाहिली, त्यांतलं इतकं उपयोगी पडलेलं दुसरं नाही.

पेठेतल्या पोरांनी पुढची ओळ जोडली होती. साहेब बाजारातून निघाले की भिंतीआडून आवाज यायचा, "व वकिलाचा, ख खोट्याचा." एकदा मी पोरांच्या अंगावर धावून गेलो, तर साहेबांनीच मला दंडाला धरून थांबवलं.

"राहू दे. दोन अक्षरं आली ना त्यांना?"

हे वाक्य ते बोलले याचं मला अजून नवल वाटतं. त्यांच्या भाषणांत असं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

साहेब गेले तेव्हा त्यांची पुस्तकं वाचनालयाला मिळाली. भिंतभर पुस्तकं, अगदी कोरी. त्यांनी वाचली असती तर अशी मिळाली नसती. आम्ही मास्तरमंडळी हस्तिदंती मुठीची ती सुरी आळीपाळीने घेऊन पानं फाडत बसलो. सगळ्यांत खाली अंकलिपी निघाली. तिची शिवण सुटली होती, आणि व च्या पानावर बोटाचा तेलकट डाग पडून कागद पातळ झाला होता.

पुढच्या आवृत्तीच्या वेळी मी नागोरावांना म्हटलं, "आता नवी पोरं विचारतात, कोणता वकील? आपला मूळचा वखर घाला की परत. घरोघर आहे."

नागोराव फर्मा आवळत होते. "वखराला कशाला आश्रय पायजे, मास्तर?" ते म्हणाले आणि जुनाच ठोकळा चौकटीत बसवला.

तो ठोकळा आता झिजला आहे. छापताना नाक उमटत नाही, चेहरा काळा धब्बा होतो, पगडीची एक कडा तेवढी दिसते. पुस्तकावर टेकवलेलं बोट मात्र अजून स्वच्छ उमटतं.