वामनच्या माळ्यावरची रिळं

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. सांगायला बसलो की मी संत्र्यांचं, पावसापाण्याचं बोलत बसतो. आज तुम्हाला सांगून राहिलो.

ऐंशीच्या दशकात मी पांढुर्ण्याच्या एका टॉकीजमध्ये सिनेमाचं मशीन चालवणारा ऑपरेटर होतो. माझा दोस्त वामन सौंसरला शाळेत बाबू, म्हणजे कारकून. सिनेमाचा वेडा — पण नट-नट्यांचा नाही, फिल्मचा. लोधीखेड्याकडची एक टुरिंग टॉकीज बंद पडली, तेव्हा तिच्या मालकाच्या गोठ्यात त्याला एका जुन्या मराठी बोलपटाची रिळं सापडली. त्या सिनेमाची दुसरी प्रिंट कुठंच उरली नव्हती, असं तो सांगायचा. मुंबईला नेऊन नवी कॉपी काढायची, सिनेमा वाचवायचा — बस, हाच ध्यास. तोवर डबे त्याच्या घरी, स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर. वर टिनाचं छत.

"नाथा, एकडाव पडद्यावर पाहू, मग मुंबईले नेऊ," तो म्हणाला. मी टॉकीजच्या मालकाकडून रविवारची सकाळ मागून घेतली.

रिळं तपासायला सौंसरला गेलो. डबा उघडला आणि उग्र वास नाकात गेला. फिल्म बोटांना चिकटत होती. एक तुटका तुकडा मी गुपचूप खिशात घातला, नाल्यावर जाऊन काडी लावली. भक्कन पेटला. पाण्यात टाकला — पाण्यातही जळत राहिला! ती जुन्या जातीची फिल्म होती. सडायला लागली की उन्हाळ्यात काडीशिवायही पेट घेते, हे माझ्या उस्तादानं मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

मग मी काय केलं? परत आलो. वामननं विचारलं, "माल ठीक आहे ना रे?"

"एकदम ठीक," मी म्हणालो.

का म्हणालो? टॉकीजच्या मालकाला कळलं असतं तर त्यानं ती फिल्म मशीनवर चढू दिली नसती. वामनच्या बायकोला, शांतावहिनींना, कळलं असतं तर डबे त्याच दिवशी घराबाहेर गेले असते. आणि मला तो सिनेमा चालवायचा होता — माझ्या हातानं. एवढंच कारण. दुसरं शोधलं, सापडलं नाही.

मे महिना होता. शनिवारी भर दुपारी माळा पेटला. वहिनी अंगणात कपडे वाळत घालत होत्या. वामन डबे काढायला वर चढला. लोकांनी खाली ओढलं तेव्हाही एक डबा त्यानं छातीशी धरलेला होता. नागपूरच्या दवाखान्यात त्यानं प्राण सोडला.

गावानं ठरवून टाकलं — चुलीची ठिणगी उडाली. वामनच्या आईनं सुनेच्या हातचं खाणं सोडलं. चुलीपाशी फिरकू देईना. मी हे सारं पाहत होतो.

पुढं एकदा भेटायला गेलो. सासू बाहेर गेलेली. वहिनी दाराशी उभ्या राहिल्या, आवाज दाबून बोलल्या.

"भाऊजी, चूल मी इझवली होती. पानी शिंपडलं होतं. मले चांगलं आठवते. पन कोनी आयकत नाही. तुमचा तं हाच धंदा — तुमीच सांगा, ते फिल्म आपल्या आपन पेटते का?"

त्या माझ्या तोंडाकडं पाहत होत्या. एक 'हो' म्हणायचं होतं. पण मग पुढचा प्रश्न आलाच असता — तुमाले माईत होतं का?

"नाही वहिनी," मी म्हणालो. "राखेत एखादी ठिणगी राहिली असंल."

त्यांनी मान हलवली. आत जाऊन माझ्यासाठी पाणी आणलं.

त्यानंतर, चूल विझवली होती, हे त्या कुणालाच म्हणाल्या नाहीत. विषय निघाला की स्वतःच सांगायच्या, "माह्याच हातानं झालं." मरेपर्यंत तेच सांगत राहिल्या.