आडसाली लागण आणि दुसरा ब्राउझर

आमच्या उसाला तुरे येऊन वजन घटायला लागलं होतं आणि तोडणीच्या यादीत आप्पांचं नाव तळाला होतं. आमच्या मागून लागण केलेल्यांचे फड रिकामे झाले, आमचा तसाच उभा. उसाच्या नोंदी बघणारा कारखान्याचा चिटबॉय म्हणाला, "आवं, काम्पुटरवर तुमच्या नोंदीत लागणीचा म्हयनाच न्हाई. तुमीच मोकळा सोडलाय."

"म्या लिवलाय," आप्पा एवढंच म्हणाले. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगत नाही.

माझी पंचाईत वेगळीच होती. शेतकरी जिच्यावर उसाची नोंद करतात, ती कारखान्याची वेबसाइट आमच्याच पुण्याच्या कंपनीनं बनवलेली आणि तिच्या चाचण्या मी, कराडजवळच्या या घरात बसून, लिहिलेल्या. एक कमांड दिली की ब्राउझर आपोआप उघडतो, फॉर्म भरतो, बटण दाबतो आणि सगळं नीट असेल तर हिरवी खूण येते. माझ्या सगळ्या खुणा हिरव्या होत्या. म्हणून मी तोंडावर म्हणाले, "आप्पा, विसरला असाल तुम्ही." ते उठून गोठ्याकडे गेले.

मग लक्षात आलं, आप्पांचा ब्राउझर वेगळा. युनिटच्या ऑफिसात ज्यावर शिकले, तोच अजून धरून बसलेत. माझ्या चाचण्या त्यावर कधी चालल्याच नव्हत्या. कंपनीतल्या साहेबांना फोन केला तर म्हणाले, "तो आता कोण वापरतं?" "माझे वडील," म्हटलं आणि कामाला लागले.

सेटिंगच्या फाइलमध्ये ब्राउझरचं नाव बदललं की झालं, असं वाटलं होतं. चाचण्या चालवल्या तर निम्म्या लाल. दोष साइटचा नव्हता, माझा होता. नेहमीचा ब्राउझर पान लगेच उघडतो, म्हणून मी जागोजागी 'दोन सेकंद थांब' असं लिहून ठेवलं होतं, आणि हा बिचारा जरा सावकाश. एकेक ओळ शोधून 'पान उघडेपर्यंत थांब' असं केलं. दोन दिवस गेले. स्वतःला शिव्या घातल्या, पण सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या हिरव्या झाल्या, महिन्याचीसुद्धा. म्हणजे आप्पाच विसरले होते. एवढं करून मला रडू आलं.

तरी मन मानेना. आप्पांना बोलावलं. "माझ्यासमोर भरा बघू फॉर्म."

माझ्या ब्राउझरवर लागणीच्या महिन्याच्या जागी निवडायला महिने दिसतात. आप्पांच्या ब्राउझरवर नुसताच रिकामा चौकोन. त्यांनी चष्मा सावरला आणि एका बोटानं टाइप केलं, 'आडसाली'. जुलै-ऑगस्टच्या लागणीला आमच्याकडे आडसाली म्हणतात. कुणी महिना विचारला तरी तेच सांगतात. बटण दाबलं. 'नोंद झाली' असं आलं. उघडून बघितलं तर महिना कोरा. साइटला तो शब्द कळला नव्हता आणि कळला नाही हे तिनं सांगितलंही नव्हतं. माझी चाचणी त्याच चौकोनात साल, आडवी रेघ आणि महिन्याचा आकडा टाकत होती. असं आमच्या गावात कोण लिहितं?

त्याच बैठकीत नवी चाचणी लिहिली. चौकोनात 'आडसाली' टाक, नोंदीत महिना आला का बघ. लाल. लाल खूण बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. ती तशीच साहेबांना पाठवली आणि दुरुस्त होईपर्यंत फोन करत राहिले. आप्पांसारखे आणखी काहीजण निघाले. यादी नव्यानं लागली आणि चौथ्या दिवशी तोडणीची टोळी आमच्या फडात शिरली.

बांधावर आप्पांच्या शेजारी उभी राहून म्हणाले, "चुकलं माझं, आप्पा."

कोयते चालले होते तिकडेच बघत ते म्हणाले, "ऊस काय, आज न्हाई उद्या तुटला आसता. पर चिटबॉय बोलला ते बोलला, तूबी तेच म्हणलीस, ते लय लागलं गं."