सुगंधाचा ओटा

चंद्रप्रकाश सावंतांची उभी हयात गोरेगावच्या एका सनमायकाच्या दुकानात गेली. गिऱ्हाईक चपला काढून आत येईपर्यंत त्याच्या घरात कोणता रंग खपेल, हे त्यांना कळून चुकायचं. पण अलीकडे लोकांना नमुन्याच्या पट्ट्या हातात घ्यायचा कंटाळा येऊ लागला होता. आपली खोली तयार झाल्यावर कशी दिसेल, ते त्यांना आधीच संगणकावर बघायचं असे.

"सावंत, तुम्हीपण शिकून घ्या," शेठ म्हणाले. "गंधाली एकटी किती करणार?"

गंधाली दुकानातली डिझायनर, त्यांच्या लेकीपेक्षा, अपूर्वापेक्षाही लहान. तिने खुर्ची ओढून दिली. "घाबरू नका काका. हे सॉफ्टवेअर खऱ्या उजेडासारखं चालतं. वस्तू कशाची आहे ते आपण सांगायचं, ती दिसेल कशी ते त्याचं ते ठरवतं. सरावाला घरातलीच एखादी खोली घ्या."

त्यांनी दिंडोशीच्या घरातलं स्वयंपाकघर घेतलं. ते आता नव्हतं. त्यांची बायको सुगंधा गेली, आणि पुढच्याच वर्षी बिल्डिंग पाडली. बारशाचे, गणपतीचे, अपूर्वाच्या लग्नाचे फोटो ढिगाने होते, पण स्वयंपाकघराचा एकही नव्हता. तिथे कोण फोटो काढतं? मापं मात्र त्यांना तोंडपाठ होती, कारण तिथल्या कपाटांना सनमायका त्यांनीच लावला होता. आता ती खोली जशी होती तशी एकदा बघायची, एवढंच त्यांच्या मनात होतं.

भिंती उभ्या राहिल्या. मग मटेरियल. प्रत्येक मटेरियल आधी पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका गोळ्यावर दिसायचं. मांडणीवरच्या डब्यांसाठी 'मेटॅलिक' पूर्ण चढवलं आणि गोळा स्टीलचा झाला. 'रफनेस'ची कळ डावीकडे नेली की आरसा, उजवीकडे नेली की पाटी.

"म्हणजे ग्लॉसी आणि मॅट. एवढंच ना?"

"एवढंच. याचेच क्लासवाले हजारो रुपये घेतात."

कडप्प्याच्या ओट्यावर ते बराच वेळ रेंगाळले. गॅसजवळ तेलकट चमक. सुगंधा पोळपाट ठेवायची तिथे घासून घासून आलेला फिकेपणा. मागच्या टाइल्सना त्यांनी फोडणीचा पिवळटपणा दिला.

"एवढं जुनं कोण दाखवतं काका? गिऱ्हाईक पळून जाईल."

"हे गिऱ्हाइकासाठी नाही गं."

गंधालीने त्यांच्याकडे पाहिलं आणि डबा घेऊन जेवायला गेली.

त्यांनी रेंडरचं, म्हणजे खोलीचं चित्र तयार करायचं बटण दाबलं. चित्र काळं आलं. नुसतं काळं. कडप्प्यात काहीतरी चुकलं असेल म्हणून त्यांनी तो उजळ केला. टाइल्स पांढऱ्याशुभ्र केल्या. पिवळटपणासुद्धा काढून टाकला. तरी काळंच.

गंधाली हात पुसत आली, वाकून बघितलं आणि हसली. "उजेड येणार कुठून? खिडकीच ठेवली नाहीत तुम्ही."

"खिडकी नव्हतीच."

तिचं हसू ओसरलं. "मग लाइट?"

"ट्यूब होती."

"कुठे?"

चंद्रप्रकाशांनी माऊस ओट्यावरच्या भिंतीकडे नेला, मग छताकडे. त्यांना सांगता येईना. सकाळी ते उठायचे तेव्हा ट्यूब लागलेली असायची. रात्री ते झोपल्यावर सुगंधा ती बंद करायची. त्यांनी बोरिवलीला अपूर्वाला फोन लावला.

"आपल्या स्वयंपाकघरात ट्यूब कुठे होती गं?"

"हे काय मध्येच? दाराच्या वर."

"ओट्याच्या वर नव्हती?"

"नाही हो बाबा. आई पाठमोरी उभी राहायची ना, तिचीच सावली पडायची ओट्यावर. बांगडे साफ करताना मला बॅटरी धरायला लावायची. दुसरी ट्यूब लावा म्हणून किती वेळा म्हणाली तुम्हाला. तुमचं आपलं एकच, बिल्डिंग पडणारच आहे, उगाच वायरिंग कशाला." ती थांबली. "बाबा? जेवलात का?"

"जेवलो," ते म्हणाले. जेवले नव्हते.

वायरिंगचं बोलणं त्यांना आठवत होतं. सावलीचं मात्र काहीच आठवेना.

त्यांनी टाइल्सचा पिवळटपणा परत आणला, कडप्पा पुन्हा काळपट केला आणि दाराच्या वर ट्यूब ठेवली. पडद्यावर आधी वाळूसारखे ठिपके पसरले, मग हळूहळू निवळले. डबे दिसू लागले. मोरी दिसली. फोडणीचे डाग दिसले.

"झकास आलंय काका," गंधाली म्हणाली. "ओटा तर एकदम क्लिअर."

ते बघत राहिले. "तिथे कोणी उभं असेल तर?"

"माणूस? रेडीमेड मिळतात, टाकता येईल. बाई टाकू?"

"नको."

ट्यूबचा उजेड दारावरून सरळ ओट्यावर येत होता. मध्ये कोणी नव्हतं, म्हणून ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख दिसत होता.